तालमीला चला

कौसाकाकू 'पूर' हा शब्द तोंडातून काढत नसे. सगळं आयुष्य कयाधूच्या काठावर गेलेल्या बाईचं हे वागणं मला आधी सोंग वाटायचं. एकदा मी विचारलंच. म्हणाली, "पूर आला म्हणलं की आपले लोकं कुठं पळतेत? नदीकडं. बघाया. हातात मोबाईल घेऊन. मंग मी काहून म्हणू?" आदल्याच पावसाळ्यात माझा सख्खा मेहुणा पुलावर उभा राहून व्हिडिओ काढत होता.

कळमनुरी तालुक्यातलं आमचं गाव. काकूचा नवरा बैलबाजारातला दलाल. तो गेल्यावर तिने बाजार सोडला नाही, उलट सौद्यात नवऱ्यापेक्षा चिवट निघाली. उंचीने जेमतेम, पण आवाज असा की उधळलेला बैल जागेवर थांबावा. गावात आपत्ती व्यवस्थापन समिती करा असं वरून आलं, तेव्हा अध्यक्षपद कुणालाच नको होतं. त्यात खायला काही नव्हतं. ते काकूच्या गळ्यात मारलं आणि सगळे निवांत चहा प्यायला गेले. पुढे त्यांना हा चहा महागात पडला.

मी हमाली करून वर आलेला माणूस. आज हळदीचा व्यापारी आहे, गाव मला मारोतराव म्हणतं. काकू 'मारत्या' म्हणायची, आणि नेमकी गिऱ्हाइकासमोर.

आमचा वाद गोदामाचा. गावातली सगळ्यांत उंच जागा माझी. मी माळावरचे ते दगड विकत घेतले तेव्हा हेच लोक हसले होते. पुढे पाऊस वेड्यासारखा वागू लागला, महिन्याचं पाणी एका दुपारी ओतू लागला, तेव्हा सगळ्यांना माझं गोदाम दिसू लागलं. ग्रामसभेत काकू म्हणाली, वेळ आली तर खालची वस्ती तिथे न्यायची. मी म्हणालो, आधी भाडं ठरवा.

"हात आण इकडं," ती म्हणाली.

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली हात धरून बोटं दाबतात. हात झटकला की सौदा मोडला, राहू दिला की झाला. तिने भरसभेत माझा हात पदराखाली ओढला आणि बोट न दाबता नुसती मूठ ठेवली. मूठ म्हणजे काही नाही. फुकट. माझं डोकं तापलं. पण म्हातारीचा हात झटकून सभेतून उठणारा माणूस कसा दिसेल, याचा विचार करण्यात एक क्षण गेला आणि तेवढ्यात ती ओरडली, "झाला सौदा. मारत्यानं हात सोडला न्हाई." सगळी सभा हसली. तो राग माझ्या पोटात अजून आहे.

त्यानंतर तालुक्याहून निरोप आला की गावात आपत्तीची रंगीत तालीम घ्या. काकूने देवळाच्या भोंग्यावरून शब्दाला शब्द सांगितला, "उद्या सकाळी रंगीत तालीम हाय, समद्यांनी या."

सगळे आले. तालीम ऐकून पैलवान लंगोट कसून आले. नाटक बसवायचं म्हणून भजनी मंडळ पेटी घेऊन आलं. रंगीत आहे म्हणून शाळेतली लेकरं तोंडं रंगवून आली. रशीदभाई शिंप्याने तर पडदा शिवून आणला. जीपमधून उतरलेल्या साहेबांनी कपाळाला हात लावला.

"हे काय चाललंय, बाई?"

"साहेब, रंगीत तुमीच म्हणले."

पण आलेली गर्दी परत पाठवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने तशीच वरात काढली. पुढे पैलवान म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन, मागे पेटी वाजते आहे, आणि वरात थेट माझ्या गोदामावर. तिथे पोहे. तेव्हापासून आमच्या गावात माझ्या गोदामाकडे जाणं म्हणजे तालमीला जाणं. मी चिडायचो, म्हणून लोक जास्त म्हणायचे.

मग ती दुपार आली. वरच्या गावातून काकूला फोन आला की पाणी सुटलंय. आमच्याकडे थेंब नव्हता. तिने भोंगा घेतला. "तालमीला चला. पोहे हाईत." एवढंच. लोक हसत निघाले. पैलवानांनी रंगीत तालमीत उचलले होते तसेच आपापले म्हातारे उचलले. शेवटची माणसं चढ चढत होती तेव्हा खालच्या वस्तीत पाणी शिरलं. गोदामातून सगळ्यांनी पाहिलं, पत्रे तरंगत गेले. माणूस एकही गेला नाही.

माझी हळद गेली. माणसं आत बसावीत म्हणून काकूने पोती बाहेर ओट्यावर काढायला लावली, आणि मग आमच्याकडेही पाऊस आला. मी दारात उभा राहून शिव्या देत होतो.

"काहून ओरडून राहिला?" ती म्हणाली. "हळद वली झाली त काय झालं? लग्नात वलीच लावतेत."

पंचनाम्याला आलेल्या माणसाने घरं पाहिली, पिकं पाहिली. माझ्या पोत्यांकडे पाहून म्हणाला, "गोदामात पाणी शिरलं नाही ना? मग नुकसान कसलं?" मी काकूकडे पाहिलं. ती आभाळाकडे पाहत होती.

गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. मी भांडण मिटवायला नाही, भांडायलाच गेलो होतो. म्हणालो, "काकू, आता पुढच्या पावसाळ्याचं भाडं बोला."

ती म्हणाली, "हात आण."

गोधडीखाली मी हात दिला. त्या हातात बोट दाबायचीही ताकद उरली नव्हती, पण मूठ तिने बराबर वळली. मरतानाही बाईने एक बोट वर चढवलं नाही. मी हात तसाच राहू दिला. सून पाणी घेऊन आली, तरी.

पोरांनी गोदामाच्या भिंतीवर चुन्याने 'तालीम' लिहून ठेवलंय. परवा नांदेडहून आलेला व्यापारी ते वाचून इकडेतिकडे बघायला लागला.

"पैलवान कोण तुमच्या तालमीतला?"

"होती एक," मी म्हणालो. "वारली."