थकलेला मेंटेनन्स आणि बंद लिफ्ट

इकडे उत्तरेत, अलीगंजमधल्या आमच्या अपार्टमेंटचं खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं, कारण मी बँकेतून निवृत्त झालो होतो. "आप तो हिसाब के आदमी हैं," असं सगळे एकमुखाने म्हणाले, टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या घरी गेले. निम्म्या घरांचा मेंटेनन्स थकलेला आहे हे मात्र मला दप्तर हातात आल्यावर कळलं.

मग लिफ्ट बंद पडली. दुरुस्ती करणाऱ्या कंपनीने स्वच्छ सांगितलं की मागची बाकी चुकवा, मगच माणूस पाठवू. आम्ही पाचव्या मजल्यावर. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलेलं. पैसे आपणच भरून टाकावेत असं माझ्या मनात आलं, पण तिनेच अडवलं. "एकदा पदरचे घातलेत, की पुढे कायम तुम्हीच भराल," ती म्हणाली. खरंच होतं ते.

म्हणून मी दारोदार हिंडायला लागलो. सगळ्यात मोठी बाकी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरसाहेबांची. बाथरूमच्या भिंतीला ओल आली, सोसायटीने लक्ष दिलं नाही, म्हणून त्यांनी हात आखडता घेतलेला. पण बोलणं काय गोड! मी बेल वाजवली की आधी पाणी, मग चहा, मग गरम मटर. माझ्या मुलीची चौकशी, बायकोच्या गुडघ्याची त्याहून जास्त. पैशांचं नाव काढलं की, "अरे भाईसाहब, हो जाएगा. आप कुछ लीजिए तो." दर वेळी पोट भरून आणि रिकाम्या हाताने मी जिना चढायचो. वाटाण्याच्या अक्षता इतक्या प्रेमाने लावणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

शेवटी माझं डोकं फिरलं. नोकरीसाठी इकडे येण्याआधी पुण्याला राहायचो, तिथल्या सोसायटीत थकबाकीदारांची नावं सरळ फलकावर लागायची. लोक चरफडायचे, पण आठवड्यात पैसे यायचे. मी तशीच यादी टाइप केली आणि तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला चिकटवली, सगळ्यात वर इंजिनियरसाहेबांचं नाव.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये सुतक पडल्यासारखं झालं. ज्यांची नावं होती ते गप्प. मात्र जे दर महिन्याला वेळेवर भरत होते, ते माझ्याकडे आले. दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक मान खाली घालून म्हणाले, "आपने बुज़ुर्ग आदमी का नाम दरवाज़े पर टाँग दिया. आज उनका, कल हमारा." त्या महिन्यात त्यांनीही पैसे थांबवले. त्यांच्यामागून आणखी काहींनी. बुडवणाऱ्यांची इज्जत राखायला भरणारे पुढे सरसावले होते! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसली. "पापा, ये पुणे नहीं है." तिचा जन्म इथला, वाढलीही इथेच, तिला काय.

ऑपरेशन झालं. बायकोला घेऊन ॲम्ब्युलन्स गेटाशी आली तेव्हा लिफ्ट बंदच होती. मी गार्डला हाक मारणार, तोच इंजिनियरसाहेब प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली आले. मागे प्राध्यापक आणि यादीतले आणखी दोघे. चौघांनी बायकोला खुर्चीसकट उचललं. प्रत्येक मजल्यावर थांबत, "भाभीजी, डरिएगा नहीं," म्हणत वर आणलं. इंजिनियरसाहेबांचा सदरा घामाने भिजला होता. संध्याकाळी त्यांच्या घरून खिचडी आली. मी ती खाल्ली. काय करणार?

फिजिओथेरपीला जायच्या दिवशी ते पुन्हा दारात हजर, खुर्चीसकट. मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "भाईसाहब, आप बकाया दे दीजिए, लिफ्ट चल जाएगी."

त्यांना खरोखरच वाईट वाटलं. "लिफ्ट की बात अलग है," ते म्हणाले. "भाभीजी तो अपने घर की हैं."

बायको वॉकर धरून आतून आली. तिचा आवाज चढला नव्हता. "भाईसाहब, उस दिन चार लोगों ने उठाया, तो मैंने आँखें बंद कर ली थीं. लगा, मेरी अर्थी जा रही है. अब मैं अपने पैरों पर ही उतरूँगी."

त्यांनी खुर्ची आमच्या दाराशी ठेवली आणि ते हळूहळू जिना उतरून गेले. पैसे काही आले नाहीत.

आता थंडी सुरू झाली आहे. खाली अंगणात बिल्डिंगमधल्या बायका ऊन खात बसतात. बायको गॅलरीत उभी राहून त्यांच्याशी ओरडून बोलते. ती अजून खाली उतरलेली नाही.