फोम भरलेली जलपरी

चहा येईपर्यंत माझा एक गाढवपणा सांगतो. शिरूरात कुणाला बोलू नका म्हणणार होतो, पण तिथं आधीच सगळ्यांना माहीत आहे.

मी बशीरमामांच्या दुकानात गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून तिथंच. गिऱ्हाईक नसलं की रेक्झिनच्या उलट्या बाजूवर खडूनं जलपऱ्या काढत बसतो. चेहरा मला जमत नाही, म्हणून माझ्या सगळ्या जलपऱ्या पाठमोऱ्या. पण शेपटी? खवला न् खवला बघून घ्या!

एकदा दौंडच्या वैशालीताई कव्हरं बसवायला आल्या. त्या तिथं तलावावर लहान पोरांना पोहायला शिकवतात. त्यांनी खाली पडलेला एक तुकडा उचलला.

"ही शेपटी कुणी काढली?"

मी खडू खिशात लपवला. मामाच म्हणाले, "ह्यानं. बोलत न्हाई, पर हात चांगला हाय."

"मग मला घालता येईल अशी शिवून दे की! रविवारी भित्री पोरं पहिल्यांदा पाण्यात उतरायचीत. जलपरीनं बोलावलं तर येतील."

नुसती सीटं शिवून कंटाळलेल्या माणसाला आणखी काय हवं?

मामा म्हणाले, "हे जमलं तर पुढचं असलं समदं काम तुझं. न्हाई जमलं तर गप सीटं शिव. घे माप!"

टेप गळ्यातच होता. पण आमच्या धंद्यात माप सीटचं घेतात हो. सीट आपल्याकडं बघत नाही! बाईमाणसाच्या कमरेला टेप कसा लावायचा? हात उठेचना.

"माप... नजरेत बसलंय, ताई," मी म्हणालो.

मामांना ठसका लागला. ताई माझ्याकडं बघतच राहिल्या.

नंतर मी मेसेज लिहिला, 'ताई, कंबर किती?' एकदा वाचला आणि घाईघाईनं पुसून टाकला. उंचीनं आम्ही सारखेच, असा विचार करून शेवटी माझंच माप धरलं.

हिरवं रेक्झिन, खवल्यांची शिलाई, मागं चेन आणि आतून जाडजूड फोम. फोम कशाला म्हणता? अहो, फोमशिवाय शिवायची सवयच नाही मला!

रविवारी दौंडला ताईंनी शेपटीत पाय घातले. गुडघ्यापर्यंत ठीक. पुढं हलेना. ताई पट्टीच्या पोहणाऱ्या, अंगानं भक्कम. मी म्हणजे उभा धरलेला टेप.

"माप कुणाचं घेतलंस रे?"

"माझं."

"मग घाल तूच!"

"मी? ताई, मला मिशी हाय!"

"पोरांनी कुठं जलपरी बघितलीय?"

घातले पाय. चेन लागली आणि मी पायरीवरून उथळ पाण्यात घसरलो. फोमच तो! शेपटी बुचासारखी वर आली आणि डोकं खाली गेलं. वर यायचो, "ओ ताईऽऽ!" म्हणायचो, पुन्हा खाली. चेनला हात पोचेना. घोडनदीत पोहत वाढलेला माणूस मी, आणि मांडीएवढ्या पाण्यात बुडतोय!

"जलपरी बुडतीया! आरं, धरा तिला!" काठावरनं एक पोरगी ओरडली.

आणि ती भित्री पोरं? धपाधप पाण्यात! एकीनं माझा कान धरला, एकानं केस, बाकीची शेपटीवर चढून बसली. त्यांच्या वजनानं शेपटी खाली गेली, तेव्हा कुठं माझं तोंड वर आलं.

ताई हसून हसून खालीच बसल्या. "उतरली रे सगळी पाण्यात!" एवढंच म्हणाल्या.

पोरं उतरली म्हणजे काम जमलंच की नाही? मीही तसंच धरून चाललो. मामा मात्र माझ्यापुढं सीटंच टाकत राहिले.

मग यवतहून एका बाईंचा फोन आला. त्या पोरांतली एक मुलगी त्यांची. तिच्या वाढदिवसाला जलपरी पाहिजे होती. मामा समोरच बसले होते. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "देतो की शिवून! रंग कोणता ठेवू?"

"शिवताय कशाला? हाय ती शेपटी घाला आन् तुम्हीच या. आमच्याकडं मोठा हौद हाय. फकस्त 'ओ ताईऽऽ' तेवढं त्या दिवशीसारखंच वरडा. पोरगी दिसभर तीच नक्कल करती."

मी फोन ठेवला.

"काय म्हंत्यात?" मामांनी विचारलं.

"पुढचं काम मिळालं, मामा."

"शिवायचं?"

"न्हाई. बुडायचं."