रंजू काय म्हणाली

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आई होती तेव्हा आईला सांगितली नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही, आणि विहारात डोळे मिटून बसते तेव्हा मनातल्या मनातही ती कधी पूर्ण उच्चारली नाही. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. जे ओळखतात ते सगळे मला चांगली म्हणतात. त्या चांगलं म्हणण्यानंच माझा घात केला — नाही, पाहा, इथंच माझी पळवाट सुरू झाली. घात मीच केला. कोणाचा, ते सांगते. जरा वेळ लागेल.

रंजू माझी धाकटी बहीण. जन्मताना तिचा श्वास अडकला आणि तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं. हातपाय तिचं ऐकायचे नाहीत, मान एका अंगाला झुकायची, आणि बोलणं असं, की परक्या माणसाला नुसता घशातला आवाज ऐकू यावा. डोकं मात्र आमच्या घरात सगळ्यांत तिचंच चालायचं. टीव्हीवरच्या बातम्या ऐकून आमच्या वॉर्डात कोण निवडून येणार ते ती आधीच सांगून टाकायची, आणि यायचाही तोच. बाबा पाटबंधारे खात्यात शिपाई होते. त्यांना तिचं हो आणि नाही एवढंच कळायचं. आईला निम्मंशिम्मं. मला सगळं. कसं, ते विचारू नका. एका गोधडीत वाढलेल्या पोरी आम्ही.

आमच्या दोघींचा एक खेळ होता. बाबांचे एक साहेब अधूनमधून घरी यायचे. आले की हलायचे नाहीत, आणि वर रंजूच्या डोक्यावरून हात फिरवत ‘अरेरे, अरेरे’ करत राहायचे. रंजू एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाली, “ताई, हा रेडा गोठ्यात कवा जाईन वं?” साहेबांनी विचारलं, काय म्हणते पोरगी? मी तोंड गंभीर करून सांगितलं, “काका, ती विचारते, चहा आणखी घेता का.” रंजू इतकी हसली की खुर्चीतून घसरली. तेव्हापासून ते सुरूच झालं. तिनं पाहुण्यांचा उद्धार करावा आणि मी त्याचं आदरातिथ्य करून सांगावं. मावश्या, शेजारणी, विहाराच्या पंचायतीचे लोक, कोणीही सुटलं नाही. गंमत मुळीच वाईट नव्हती. फक्त एक झालं — रंजू काय म्हणते हे मी ठरवायचं, याची मला सवय लागली. तिलाही असेल. पण तिला ठाऊक होतं, की गंमत झाली की ताई खरं सांगते.

माझं लग्न अचलपूरला झालं आणि लवकरच मोडलं. का मोडलं त्याचा रंजूशी काही संबंध नव्हता. पण मी माहेरी परतले, इथं अमरावतीत शाळेत नोकरी लागली, आणि लोकांनी आपली आपणच गोष्ट जुळवली — बहिणीसाठी संसारावर पाणी सोडलं हो पोरीनं. मी कोणाला दुरुस्त केलं नाही. कशाला करीन? टाकलेली बाई म्हणवून घेण्यापेक्षा त्यागाची मूर्ती म्हणवून घेणं बरं वाटतं. शाळेनं महिला दिनाला शाल-श्रीफळ दिलं. ती शाल मी रंजूच्या मांडीवर पांघरली, तर ती म्हणाली, “याचं काय करू? नारळ तरी फोड.”

आणि सेवा करत होते, हेही खरं. खोटं कसं म्हणू? पण कशी करत होते ते सांगते. शाळा सकाळची, म्हणून पहाटेच तिला उठवून आंघोळ घालायची. पौष असो की माघ. ती कुडकुडत म्हणायची, “मढं धुतल्यावानी एवढ्या पहाटी काहून धुतं वं मले?” मी हसायची आणि पाणी ओतायची. तिचे केस लांब होते, दाट होते. विंचरायला वेळ पुरेना म्हणून मीच कात्री लावली. गाऊन घालायला सोपा म्हणून बारा महिने गाऊन. जयंतीच्या मिरवणुकीत तिला पार शेवटपर्यंत जायचं असायचं. मी चौकापर्यंत खुर्ची न्यायची आणि गर्दी वाढली की परत फिरवायची. मागून ढोलाचा आवाज येत राहायचा आणि तिची मान वळत राहायची. एकदाही मी तिला विचारलं नाही — बाई, तुला कधी उठायचंय, काय नेसायचंय, कुठवर जायचंय? मला तिची भाषा येत होती. मग विचारायचं कशाला, असं वाटायचं.

मग, बाबा गेल्यानंतर, अकोल्याचं ते घर आलं. माझ्याच फोनवर एक व्हिडिओ दिसला. बार्शीटाकळीच्या रस्त्याला एका कॉलनीत काही अपंग माणसांनी मिळून घर भाड्यानं घेतलं होतं. संस्था नाही, आश्रम नाही. आपल्याला मदत करायला बाया-माणसं त्यांनीच नेमलेली, कोणी कधी उठायचं, कोणाच्या हातून आंघोळ करायची, काय जेवायचं, सगळं ज्याचं त्यानं सांगायचं. रंजूनं तो व्हिडिओ मला पुन्हा पुन्हा लावायला लावला. शेवटी तिच्याच हट्टानं मी त्यांना फोन केला. मनात म्हटलं, करू दे हौस.

ते खरंच आले. जगदीशभाऊ चाकाच्या खुर्चीत, आणि सोबत अर्चना, कुबड्यांवर. बडनेऱ्याला उतरून ऑटोनं. मी स्वागताला पुढं झाले, आपली माहिती सांगायला लागले, तर त्या माणसानं मला नमस्कार केला आणि खुर्ची सरळ रंजूपुढं नेली. म्हणाला, “रंजनाताई, तुमाले कसं राह्याचं हाय ते सांगा. घरच्यायचं मंग आयकू.”

रंजनाताई! तिला तोवर असं कोणीच म्हटलं नव्हतं. आणि मला काय वाटलं असेल? आनंद? मला राग आला. अंगाचा भडका उडाला माझ्या. एवढी वर्षं कोण झिजलं, आणि हा कोण उपटसुंभ ‘घरच्यायचं मंग’ म्हणणारा?

रंजू बोलायला लागली. कोणी विचारेल या आशेवर तिनं ते कधीपासून मनात तयार करून ठेवलं होतं कोण जाणे. घाम फुटला तिला, पण थांबली नाही. “मले जाचं हाय. उशिरा उठाचं हाय. दुपारी ऊन पडल्यावर आंघोळ कराची हाय. केस वाढवाचे हायेत. ताईचा लय जीव हाय मायावर. पण ताई मले कटाळली नाही म्हणते — मी कटाळली ना!” आणि स्वतःच हसली.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आईसुद्धा. जगदीशभाऊंनी विचारलं, काय म्हणतात त्या?

मी म्हणाले, “ती म्हणते, तुम्ही आलात, खूप बरं वाटलं. पण मला ताईजवळच राहायचं आहे.”

हे ते. हेच सांगायचं होतं.

रंजू पुन्हा हसली. ते हसू मला ओळखीचं होतं. तिला वाटलं, ताईनं खेळ मांडला, आता पाहुण्यांची जरा फिरकी घेईल आणि मग खरं सांगेल. ती वाट पाहत होती. डोळे चमकत होते तिचे. मी ट्रेमधले कप सरळ करत बसले. तिचं हसू काही एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं. मी तिच्याकडं बघत नव्हते तरी मला ते जाताना कळलं.

तो माणूस कच्चा नव्हता. त्यानं तिला विचारलं, “रंजनाताई, हे बराबर हाय का? बराबर असंन तं डोळे मिटा. नसंन तं उघडे ठेवा.”

नुसते उघडे ठेवायचे होते. माझ्यावाचून, कोणाच्याही जिभेवाचून तिला तेव्हा बोलता आलं असतं. तिनं मान महत्प्रयासानं माझ्याकडं वळवली. बराच वेळ पाहिलं. माझ्या तोंडावर तिला काय दिसलं असेल? मग तिनं डोळे मिटले.

का मिटले? चारचौघांत, आईसमोर मी खोटी पडू नये म्हणून? की तिला दिसलं, की ती गेली तर या बाईजवळ काहीच उरत नाही — नवरा नाही, मूल नाही, उरलीसुरली शाल तेवढी? मी तिला विचारू शकत होते. त्यानंतर तीन वर्षं ती माझ्या हाताशी होती, रोज विचारू शकत होते. नाही विचारलं. पाहुणे गेल्यावर आईनं रंजूचा मुका घेतला आणि रडत म्हणाली, “मायी पोरगी मले सोडून जात नाही.” मी शाळेत सांगितलं, नातेवाइकांत सांगितलं, तिनं स्वतः नाही म्हटलं हो, आम्ही तर तयार होतो.

रंजूनं तो विषय पुन्हा काढला नाही. रुसली नाही, जेवणावर राग काढला नाही. मला वाटायचं, काढावा. मला शिव्या द्याव्यात. तिच्याजवळ अस्सल वऱ्हाडी शिव्या होत्या, टीव्हीनं शिकवल्या नव्हत्या तेवढ्या बाबांनी शिकवल्या होत्या. एका रविवारी मी म्हटलं, रंजू, आज दुपारी घालू का आंघोळ? ती म्हणाली, “राहू दे. सकायीच घाल. तुले मंग कामं असतात.” साधं बोलली, अगदी माझी काळजी असल्यासारखं. मी बादली भरायला गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.

आणि तिनं खेळ बंद केला. ते साहेब निवृत्त होऊनही यायचे, अरेरे करायचे. मी टपून बसायची — आता बोलेल, आता त्यांची रेवडी उडवेल. ती गप्प. चहा घेता का हे मीच विचारायची, आणि ते खरंच चहाबद्दलच असायचं. हिवाळ्यात तिच्या छातीत कफ भरला आणि ती गेली, तेव्हा लोक म्हणाले, तुझी बहीण गेली. माझी बहीण त्याच्या कितीतरी आधी गेली होती. मी घरात ठेवली होती ती तिची देखभाल.

आता मला तिची इतकी आठवण येते, की ती कुठं ठेवावी कळत नाही. आईही गेली. घरात मी एकटी. पहाटे जाग येते, उठवायला कोणी नाही. तिचं ते बोलणं कानात घुमतं — ती भाषा बोलणारं जगात आता कोणी उरलं नाही, आणि समजणारी मी एक. कधीकधी भाजी चिरता चिरता मी तसा आवाज घशातून काढून पाहते. ‘ताई’ म्हणून पाहते, तिच्यासारखं. जमत नाही. वेड लागलं का बाई, असं स्वतःलाच म्हणते आणि फोडणी घालते. एकदा, फक्त एकदा तिनं मला त्या आवाजात म्हणावं — खोटारडी. मी त्यावरही जगले असते.

एक सबब मात्र मी जपून ठेवली होती. तिकडं तिची भाषा कोणाला कळली असती? उपाशी मेली असती पोरगी, तहान लागली तरी सांगता आलं नसतं. या सबबीवर मी बरेच दिवस काढले.

मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या प्रशिक्षणाला अकोल्याला गेले. शेवटच्या दिवशी लवकर सुटी झाली. मूर्तिजापूरकडची बस धरायची सोडून मी ऑटो केला आणि त्या घरापुढं उतरले. का गेले, ते अजून सांगता येत नाही. आत भांडण चाललं होतं — वांगी करायची की पालक. एक बाई खुर्चीत बसून तावातावानं बोलत होत्या. बोलणं म्हणजे घशातला आवाज, हुबेहूब रंजूसारखा. कुसुमताई त्यांचं नाव. आणि मला — मला त्यातलं अक्षर कळलं नाही. बाकी सगळ्यांना कळत होतं. कोणी त्यांना उलटून बोलत होतं, कोणी हसत होतं, स्वयंपाकाच्या बाई कढई आपटून म्हणत होत्या, “वांगेच कराचे तं काल कावून नाही सांगतलं?” अर्चनानं मला ओळखलं. म्हणाली, सुरुवातीला आम्हालाही समजायचं नाही, आम्ही परत परत विचारायचो, त्या चिडायच्या, मग सांगायच्या. दोन-चार महिन्यांत कान सरावला.

दोन-चार महिने. तेवढंच लागलं असतं. रंजू इथं असती तर सगळ्यांत मोठ्यानं भांडली असती, आणि पालक कधीच होऊ दिला नसता.

मला खुर्ची दिली, पाणी दिलं. रंजू गेल्याचं ऐकून स्वयंपाकाच्या बाईंनी कढई खाली ठेवली. मग कुसुमताई माझ्याकडं पाहून काहीतरी म्हणाल्या. अर्चनानं सांगितलं, “त्या इचारून राहिल्या, तुमची बहीण तवा काहून नाही आली इथं?”

कोणाला भ्यायचं होतं मला तिथं? आई नव्हती, रंजू नव्हती, शाळा नव्हती. खरं बोलायला याहून मोकळी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. समोर विचारणारं माणूस रंजूच्याच आवाजात विचारत होतं.

मी म्हणाले, “तिचीच इच्छा नव्हती.”

कुसुमताई सावकाश काही बोलल्या, आणि अर्चनानं ते मला जसंच्या तसं सांगितलं, “तिची मर्जी नव्हती तं मंग बराबर हाय. इथं आमी तेच मानतो. ज्याची त्याची मर्जी.”

मी हात जोडले आणि निघाले. ती मर्जी रंजूची नव्हती. माझी होती.