ओवाळायला मॅडम

"मॅडम, ताट तेवढं घ्या. पाहुणे आले."

आमचे विभागप्रमुख म्हणाले. सगळ्या स्टाफसमोर. मी तेव्हा हॉलमध्ये प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडायले होते. स्लाइडा मीच बनवलेल्या. विषय: विज्ञान विभागांत महिला प्राध्यापक वाढवायच्या कशा. पूर्णा, सोनपेठ, जिंतूरहून सायन्सचे विभागप्रमुख आले होते. सगळे पुरुष. अन् त्यांना ओवाळायला केमिस्ट्रीतली एकुलती एक बाई, म्हणजे मी. पीएच.डी. झालेली, दहा वर्षं तासिकेवर राबणारी, दर जूनला नव्यानं नेमणुकीची वाट बघणारी.

ओवाळलं. काय करता? कुणीही पाहुणा आला की कुंकवाचं बोट माझंच. आधी राग यायचा. मग नुसता थकवा यायला लागला. थकवा लय वाईट. रागात माणूस बोलतो तरी.

आमचे सर माइकवर गेले. माझ्या स्लाइडा, माझी वाक्यं, नाव कुठंच न्हाई. त्याचंही काही वाटलं नाही. पण मधेच कागद बाजूला ठेवून सर म्हणाले, "खरं सांगू का? आमी घ्यायला तयार हाव की. बायका अर्जच करीत न्हाईत."

हॉल हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तीन अर्ज केलेत मी. याच विभागात, कायम जागेसाठी. तिसऱ्या मुलाखतीला मला सातवा महिना होता. समितीत हेच सर. केमिस्ट्रीचा एक प्रश्न नाही. विचारलं काय, तर "बाळंतपणात प्रॅक्टिकल कोण घेणार? सासूबाई?" अन् मी येडी, हसले. हसून सांगितलं, "आई येणार हाय सर, बोरीहून." जागा दुसऱ्याला गेली. बाळंतपणानंतर पंचविसाव्या दिवशी मी प्रॅक्टिकल घ्यायले होते, कारण तास बुडले की तासिकेवरचा माणूस बदलतात. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मी उठले. पुढच्याच महिन्यात पुन्हा मुलाखती होत्या, समितीत पुन्हा हेच सर. माहीत असून उठले.

"सर, तीन अर्ज माझे हायत. तुमच्याच कपाटात."

"बसा मॅडम. चहाच्या वेळेला बोलू."

"चहा मी देणार न्हाई आज. आत्ताच बोलू."

अन् बोललेच. मुलाखतीतलं, शब्द न् शब्द. आमच्या इमारतीतल्या लेडीज टॉयलेटात ॲसिडचे कॅन भरून ठेवलेत, तेही. पाहुणे मोबाइल बघायले. टाळी कुणी वाजवली नाही. जाताना सोनपेठचे सर तेवढं हळूच म्हणाले, "सबुरीनं घ्यायचं होतं मॅडम."

दहा वर्षं काय केलं मग मी?

चार दिवसांनी माझे तास निम्मे झाले. नवरा म्हणाला, "कशाला उगं नडायलीस?" थकलेय मी. खोटं कशाला बोलू.

चौथा अर्ज टाकलाय. जाणार मुलाखतीला. केमिस्ट्री विचारा, दिवसभर सांगते. घरचं विचारलं तर म्हणणार, "हा प्रश्न कागदावर लिहा. खाली समितीतले पाचही जण सह्या करा. मग उत्तर देते."

सह्या होईपर्यंत मी खुर्चीवरून उठणार नाही.