उलट्या हातांची प्रार्थना

झूराकानच्या नवऱ्याला गावाने माती दिली नाही. मुसलमानांच्या गावात जिरगाल येशूचा झाला होता, एवढाच त्याचा गुन्हा. शेजारचा तेमिरकुल चार माणसं घेऊन कबरस्तानाच्या वाटेत आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "हा मेला तेव्हा आमचा नव्हता." शेवटी घोडीसुद्धा चरायला जात नाहीत अशा खडकाळ उतारावर बाईने आपला माणूस पुरला.

तेव्हापासून रोज सकाळी चहा ठेवण्याआधी ती प्रार्थनेला बसायची आणि तळहात जमिनीकडे वळवायची. आमच्याकडे आशीर्वाद मागतात ते उघड्या तळहातांनी. हात उलटे केले की तो तळतळाट. "प्रभू, तेमिरकुलचं वाटोळं कर," ती खणखणीत आवाजात म्हणायची, भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणूनच.

रविवारी तिच्या घरी प्रार्थनेला येणारी आइनाश एकदा चिडलीच. "वहिनी, देवापुढे असे हात?"

"मग सुलटे धरून खोटं बोलू? त्याला माझ्या पोटातलं दिसतंच की. तू आपला चहा पी."

आइनाशने चहा पुढे ओढला.

उन्हाळ्यात घोड्यावरून पडून तेमिरकुलचा पाय मोडला. झूराकानला आनंद झाला आणि तिने तो लपवलाही नाही. त्यातून त्याचे बटाटे फुलोऱ्यावर आलेले, आणि त्याचं पाणी तिच्याच बांधावरून खाली जायचं. पाटाच्या तोंडाशी एक दगड लोटला की पीक गेलंच. बघायला येणार कोण?

त्याच्या पाण्याच्या पाळीच्या सकाळी ती दगडापाशी गेली. पण येशूची झाल्यापासून प्रार्थनेशिवाय तिने कधी कणीकही मळली नव्हती. सवयीने गुडघे टेकले, हात आपोआप सुलटे झाले. "प्रभू, माझ्या या कामाला..." पुढचं 'यश दे' काही केल्या तोंडातून निघेना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. त्याचं वाटोळं तू कर, हे रोज मागता येत होतं. मी करते, तू पाठीशी राहा, हे मात्र मागवेना. चरफडत तिने दगडाला लाथ घातली. लागलं तिच्याच पायाला.

लंगडत ती भिंतीशी गेली. "बुरूल! नवऱ्याला सांग, पाणी खाली येतंय. आणि हेही सांग, मी माफ केलेलं नाही!"

तेमिरकुलची बायको धावत बाहेर आली. "ताई, देव तुमचं भलं..."

"माझं काय करायचं ते तो आणि मी बघू. पळ, पाणी वाया चाललंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी ती बसली. हात उलटेच होते.

"त्याच्या बटाट्यांना पाणी मिळालं, प्रभू. माझ्या माणसाला माती मिळाली नाही. मी हात आवरला. तू आवरू नकोस."