आधी डिस्कला विचारायचं होतं

माझ्या मामीचा धड एकच फोटो होता. कोणी मोबाईल समोर धरला की ती पदर तोंडावर ओढायची. परतूरला शेजारच्या लग्नात पंगत उठल्यावर ती खरकटी पातेली बाजूला करत होती, तेव्हा फोटोवाल्याने काहीतरी बोलून तिला हसवलं आणि तेवढ्यात बटण दाबलं. फोटो लग्नघरच्या कोणाचा नव्हता, म्हणून अल्बमात छापला गेला नाही. तो फोटोवाल्याच्या डिस्कवरच राहिला.

मामी गेली. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मामा म्हणाले, "तेवढा फोटू आण रे बापू. आधार कार्डावरचा लावला तर तीच मला म्हणंल, ही कोण बाई."

मी मामांच्या घरी राहून शिकलो. आमच्या खानदानात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, तीही कॉम्प्युटरची. हे काम माझ्याशिवाय कोणाकडे जाणार?

फोटोवाले मला म्हणाले, "फोटो हाय की. पण डिस्क लई हळू चालून राह्यली. आज जालन्याला दाखवायला नेतो, चला संगं. तिथंच शोधून देतो."

तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या डबीत बसवलेली नव्या प्रकारची डिस्क होती ती. जालन्याच्या दुरुस्तीवाल्याने केबल जोडली आणि सांगितलं, डिस्क भरत आली की सुस्तावते, तिला मोकळ्या जागा कळवाव्या लागतात.

हे खरं आहे. डिस्कला आपण आज्ञा देतो: वाच, लिही. तशीच एक आज्ञा असते, 'या जागेतलं आता नको, टाकून दे.' फक्त रिकाम्या जागेपुरती ती दिली तर डिस्क पुन्हा चपळ होते. पण ही आज्ञा प्रत्येक डिस्कला येतेच असं नाही आणि डिस्कला येत असली तरी मधली डबी ती पुढे पोचवेलच असंही नाही. म्हणून आधी शोधावं लागतं. कॉलेजात आमच्या सरांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगितलं होतं की प्रत्येक डिस्ककडे स्वतःची माहिती लिहिलेली असते, कोणत्या आज्ञा येतात तेही त्यात असतं. ती वाचा. वाचल्याने काही बिघडत नाही. डबीवर विश्वास नसेल तर डिस्क बाहेर काढून थेट विचारा. आणि करूनच बघायचं असेल तर ज्यात काही नाही अशा डिस्कवर बघा.

मी दुरुस्तीवाल्याला म्हणालो, "दादा, आधी तेवढा एक फोटो काढून घेऊ का?"

"हजारो फोटोंत कुठं शोधता? दोन मिनिटं थांबा. फास्ट झाली की निवांत शोधा."

"मग आज्ञा येते का, ते तिच्या माहितीत बघू..."

तो फोटोवाल्यांकडे बघून हसला. "इंजिनियर साहेब आणलेत वाटतं संगं. अहो, ह्या डब्या ती आज्ञा घेतच न्हाईत. पाठवून बघू. येत नसंल तर न्हाई म्हणंल, खतम."

अख्ख्या डिस्कला त्याने ती आज्ञा पाठवली. नकार येणारच अशी त्याची खात्री होती. मी त्याच्या खुर्चीमागे हात बांधून उभा होतो. काम करणाऱ्या मोठ्या माणसाच्या मध्ये बोलू नये, हे मामांनीच शिकवलेलं.

डिस्क नाही म्हणाली नाही. काही सेकंदांत काम संपलं. फोल्डर उघडायला गेलो तर उघडायला काही उरलंच नव्हतं. अशा डिस्कवरून एकदा असं टाकून दिलेलं परत मिळत नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक असणार. तरी तो काय म्हणाला?

"म्हणजे येते बरं का हिला ती आज्ञा. आता फर्स्टक्लास चालंल बघा."

किती घरांची लग्नं त्यात होती ते फोटोवाल्यांनाच माहीत. दुरुस्तीवाला केबल गुंडाळत होता. "डिस्कच खराब व्हती," असं तो पुढच्या गिऱ्हाइकाला सांगत असताना मी ऐकलं. डिस्क अजिबात खराब नव्हती. तिने सांगितलेलं काम चोख केलं होतं. मला आजही संताप येतो तो त्या 'पाठवून बघू'चा. दुसऱ्याची आयुष्यभराची वस्तू हातात घ्यायची आणि तिच्यावर आपली शंका फेडून घ्यायची, हा कुठला धंदा? माहिती वाचायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा त्याने माझी चेष्टा करण्यात घालवला.

घरी येऊन मामांना सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी त्यानं आधी इचारलंच न्हाई?"

"नाही ना, मामा. विचारता येत होतं."

"मंग तू तर व्हता ना तिथं."

आता मी डिस्क तपासणारे प्रोग्रामच लिहितो, पोटापाण्यासाठी. माझ्या प्रोग्राममध्ये माहिती वाचल्याशिवाय एकही आज्ञा जात नाही. पुसणारी आज्ञा तर 'बघायला' म्हणून कधीच जात नाही. कोणी घाई करून राह्यलं तर मी आता हात बांधून उभा राहत नाही, सरळ केबल काढतो.

त्या वर्षश्राद्धाला मामांनी लग्नघरचा अल्बम मागून आणला. एका फोटोत नवरा-नवरीच्या मागे, लांब कोपऱ्यात, मामी पाठमोरी वाकलेली आहे. तेवढा तुकडा मोठा करून त्यांनी फ्रेम केला. फुटलेल्या चित्रात हिरवं लुगडं आणि पातेल्यावर टेकलेला एक हात दिसतो. हार घालताना पाहुण्यांनी विचारलं, तोंड कुठं आहे. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कामात हाय ती," ते म्हणाले.