'स्कॅन' नावाचं फोल्डर

माझ्या कामाचं नाव सांगितलं की लोक जांभई देतात. कंपनीत एआय बसवायच्या आधी तिथले कॉम्प्युटर, सर्व्हर, नेटवर्क, पासवर्ड सगळं ठाकठीक करून देणं, हे माझं काम. जळगाव आणि धुळ्याच्या एमआयडीसीत अशा कंपन्या पुष्कळ आहेत, ना धड लहान ना धड मोठ्या. दीड-दोनशे माणसं, दोन गोडाऊन, एक सर्व्हर आणि मालकाच्या डोक्यात नुकतंच शिरलेलं एआयचं भूत. मालक म्हणतो, "बसवून टाका." अहो, बसवून टाका म्हणजे काय? कूलर आहे का तो? खिडकीत ठेवला, पाणी ओतलं, झालं?

मी चिडका आहे. बायको सांगते, गिऱ्हाईकं सांगतात, मलाही कळतं. पण जिथे चिडायला हवं होतं नेमका तिथेच मी हसून मोकळा झालो, आणि ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

कारखाना जळगावचा, प्लॅस्टिकच्या चटयांचा. धुळ्याला त्यांचं मोठं गोडाऊन. मालकांना सगळे नाना म्हणतात, मीसुद्धा. त्यांचा पहिला कॉम्प्युटर मीच जोडून दिलेला, तेव्हा मी धुळ्याहून एसटीनं यायचो, मांडीवर सीपीयू घेऊन. त्यामुळे एआयचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणारच नव्हतं.

तपासायला बसलो आणि कपाळावर हात मारला. ऑफिसातल्या पंचवीस जणांचा पासवर्ड एकच, नानांच्या गाडीचा नंबर. आणि गाडी दारातच उभी! बॅकअपची हार्ड डिस्क ऑफिसच्या देव्हाऱ्यात. अकाउंटंट रोज सकाळी तिला हळद-कुंकू वाहायचा. मी ओरडलो तर म्हणाला, "भाऊ, देवापुढून कोण चोरेल?" आता याला काय बोलणार? कुंकू डिस्कच्या फटीत जाऊन बसलेलं. मी तासभर ब्रशनं साफ करत होतो आणि तोंडानं शिव्या घालत होतो.

पासवर्ड बदलले, डिस्क बदलली, जुने सहा कॉम्प्युटर भंगारात काढले. राहिलं ते एक फोल्डर. त्याचं नाव 'स्कॅन'.

हे फोल्डर माझंच पाप. बऱ्याच वर्षांपूर्वी ऑफिसात मोठं झेरॉक्स मशीन आलं तेव्हा मीच ते सर्व्हरला जोडलं होतं. कागद मशीनवर ठेवायचा, बटण दाबायचं, तो 'स्कॅन' फोल्डरमध्ये जाऊन पडायचा. मग ज्याचा त्यानं तिथून आपल्या कॉम्प्युटरवर घ्यायचा. घ्यायचा म्हणजे नक्कल घ्यायची. मूळ तिथेच राहायचं. हे कुणाला माहीत नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. फोल्डर सगळ्यांना उघडं, कारण तेव्हा तेच सोपं होतं.

आमच्याकडे ऑफिसचं मशीन म्हणजे गावची विहीर. ज्याला लागेल त्यानं यावं. पोरांच्या मार्कशीट, आधार, सातबारा, मुलीचा बायोडेटा, सासऱ्याच्या मोतीबिंदूचे रिपोर्ट, सगळं इथेच स्कॅन होणार. नाना कधी नाही म्हणाले नाहीत. "घरचीच माणसं आहेत," म्हणायचे. चांगुलपणाच होता तो, त्यात खोट नव्हती. पण त्या चांगुलपणाचे हजारो कागद त्या फोल्डरमध्ये साचले होते.

मी नानांना म्हटलं, "एआयला सर्व्हर वाचायला देण्याआधी हे फोल्डर बंद करावं लागेल. आत काय काय आहे ते बघावं लागेल. आठवडा द्या."

"आठवडा? अरे, गुरुवारी गुरुपुष्य आहे. भटजींना सांगून झालंय, पेढे सांगून झालेत."

"नाना, त्यात लोकांचे खासगी कागद आहेत."

"चटईच्या कारखान्यात कसलं आलंय गुपित, भाऊ?"

मी हसलो. खरंच हसलो. माझ्या यादीत त्या कामापुढे 'नंतर' असं लिहिलं आणि सर्व्हर जसा होता तसा एआयला जोडून दिला. फोल्डरला कुलूप घालायला मला दहा मिनिटं लागली असती. पण मग लोकांचे चालू कागद अडले असते, फोन आले असते, गुरुवारच्या कौतुकात विघ्न आलं असतं. म्हटलं, दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?

गुरुवारी कॅन्टीनमध्ये पूजा झाली. लॅपटॉपला हार घातला, नारळ फोडला. भिंतीवर प्रोजेक्टर लावलेला. नानांनी पहिला प्रश्न विचारला, गेल्या उन्हाळ्यात कुठली चटई सर्वांत जास्त गेली? उत्तर आलं, शुद्ध मराठीत, मोठ्या अक्षरांत. टाळ्या पडल्या. मागच्यांना दिसावं म्हणून मी प्रत्येक उत्तर मोठ्यानं वाचून दाखवत होतो. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

मग गंमत सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, माझ्याबद्दल सांग बघू याला. यात्रेत पोपटवाल्यापुढे बसावं तसे एकेक जण पुढे यायला लागले. मशीन सांगे, तुम्ही अमुक साली कामाला लागलात, तुमच्याकडे धुळ्याच्या गाड्या असतात, तुमच्या मुलाला दहावीला इतके मार्क पडले. हशा, टाळ्या, शिट्ट्या. "अरे, याले बठ्ठं माहीत शे!" सगळं माहीत आहे याला, असं साक्रीकडचा एक लोडर सारखा ओरडत होता.

मार्कशीट ऐकली तेव्हाच माझ्या डोक्यात टण्णकन घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही. मी टाळ्या ऐकत होतो.

मग सगळे अक्कांच्या मागे लागले. अक्का डिस्पॅचला होत्या, कुठली गाडी कुठे गेली ते त्यांच्या तोंडपाठ. रोज पहूरहून एसटीनं यायच्या. नवरा जाऊन बारा-तेरा वर्षं झालेली, मुलगा भुसावळला नोकरीला. ड्रायव्हर लोक नानांना घाबरत नसत तेवढे अक्कांना घाबरायचे, आणि त्यांच्यावरच सगळ्यांचा जीव.

"माहं राहू द्या," अक्का म्हणाल्या. "मले नाही पाहिजे."

"अक्का लाजताय, अक्का लाजताय!"

"राहू द्या म्हटलं ना."

मला वाटलं, आढेवेढे घेतायत. मी हसत हसत त्यांचं नाव टाइप केलं. माझ्या हातानं. आणि वाचायला लागलो. डिस्पॅच विभागात सतरा वर्षांपासून. एकही दिवस बिनपगारी रजा नाही. टाळ्या. तिसरी ओळ मी अर्धी वाचली तेव्हा मला कळलं मी काय वाचतोय. कागदपत्रांनुसार त्या सरकारी रुग्णालयातून एचआयव्हीवरील नियमित उपचार घेत आहेत. मी शब्द गिळला, पण भिंतीवर तो वीतभर मोठा होता. मराठीत. उत्तरं मराठीतच यावीत म्हणून मीच चार दिवस खपलो होतो.

मी लॅपटॉप मिटला. अक्का उठल्या, पिशवी घेतली, म्हणाल्या, "मही गाडीची वेळ झाली." दुपारचे बारा वाजले होते. त्यांची गाडी सहाची. कुणी अडवलं नाही.

त्या दुपारी मी फोल्डर बंद केलं, त्यांचा कागद शोधून कायमचा पुसला आणि नियमाप्रमाणे रिपोर्ट लिहिला. त्यात एक वाक्य आहे, 'कोणतीही माहिती कंपनीबाहेर गेलेली नाही.' ते वाचून नाना म्हणाले, "चला, म्हणजे तसं काही झालं नाही."

रविवारी पहूरला गेलो. अक्कांनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, चहा केला. चहाचा कप पुढे ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मी गटागटा प्यायलो, जीभ भाजली. मी का घाई केली ते त्यांना कळलं असावं, कारण मग त्या बोलायला लागल्या.

एका सरकारी योजनेसाठी त्यांना ऑनलाइन फॉर्मला उपचाराचं कार्ड जोडायचं होतं. गावात स्कॅन करून देणारा नात्यातला, जामनेरचा ओळखीचा. म्हणून त्यांनी ऑफिसचं मशीन निवडलं होतं. सुटीच्या दिवशी आल्या, वॉचमनला सांगितलं गाडीचे कागद पाहायचेत, कार्ड स्कॅन केलं, फॉर्म भरला आणि आपल्या कॉम्प्युटरवरून कागद पुसून टाकला. दोनदा तपासलं. "मले वाटलं, तिथं कोणी वयखीचं नाही," त्या म्हणाल्या. "मशीनच तर आहे."

मी मान खाली घातली. किती सांभाळून वागली होती ही बाई! आणि मी काय करून ठेवलं होतं?

"पोराले माहीत नाही," अक्का म्हणाल्या. "बाप कावीळनं गेला असंच त्याले सांगेल आहे. मी सांगीन त्याले. माह्या तोंडानं सांगीन, त्याच्यासमोर बसून. पण थोडा येळ पाहिजे मले. तोवर दुसऱ्या कोणाच्या तोंडून जायले नको."

"मी काय करू, अक्का?"

"भाऊ, ते मशीन चुकते ना? टीव्हीवर सांगतात, काहीच्या बाही बोलते म्हणून."

"चुकतं. पुष्कळदा चुकतं."

"मग तुम्ही सांगा ना तसं. उद्या, सगळ्यांसमोर. दुसऱ्या कोणाचा कागद मिसळला म्हणा. तुमचं ऐकतील. तुम्हीच बसवलं ना ते?"

"सांगतो, अक्का," मी म्हणालो. "उद्याच सांगतो." त्यांनी हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी कारखान्यात पोचलो तर नानांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, बाईला कामावरून काढणार नाही, आपण तसले लोक नाही. मग म्हणाले, दुपारी एमआयडीसीतले तीन कारखानदार सिस्टिम बघायला येणार आहेत, तुझंच नाव सांगून ठेवलंय. मी हळूच म्हटलं, "नाना, मशीन चुकलं असं मी लोकांना सांगणार आहे." "मग मी काय चुकणारं मशीन बसवलं? पूजा घालून? तुझं हसं होईल, भाऊ, आणि माझंही." रागावले नाहीत. समजुतीनं बोलले. ते रागावले असते तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं.

जेवणाच्या सुटीत आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये गेलो. अक्का आल्या होत्या. लांब बाकाच्या टोकाला बसल्या होत्या, डबा उघडून, आणि त्यांच्या शेजारच्या दोन जागा रिकाम्या होत्या. मी आत येताच त्यांनी वर पाहिलं. मी दिलेल्या शब्दावर त्या पहूरहून एसटीत बसल्या होत्या.

तो साक्रीचा लोडर उभा राहिला. गुरुवारसारखी गंमत म्हणून नाही, तो मुद्दाम विचारत होता, अक्कांसाठी विचारत होता. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "भाऊ, खरं सांगा. हाई मशीन चुकस ना?"

सगळ्यांना 'हो' ऐकायचं होतं. आजही मी शपथेवर सांगेन, त्या कॅन्टीनमधल्या प्रत्येकाला 'हो' ऐकायचं होतं. एक शब्द. नाना माझ्या शेजारी घसा खाकरले.

मी म्हणालो, "मशीन जे कागदात असतं तेच सांगतं."

लोडर खाली बसला. अक्कांनी डब्याचं झाकण लावलं. त्यानंतर त्या कारखान्यात आल्या नाहीत, हिशेब घ्यायलाही नाही. ते तीन कारखानदार दुपारी आले, सिस्टिम पाहून खूश झाले, त्यातल्या दोघांचं काम मी आज करतो.

त्याच संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी भुसावळहून बोलतोय," पलीकडून आवाज आला, तरुण, अडखळणारा. आईचं नाव सांगितलं. "मला कारखान्यातून फोन आला होता. आईला विचारलं, तर ती म्हणते मशीन चुकलं. तुम्हाला विचार म्हणाली. तुम्ही सांगा ना, भाऊ, चुकलं ना?"

मी दोनदा हॅलो हॅलो केलं, आवाज येत नाही म्हणालो, आणि फोन ठेवून दिला.